फिरंगी की फेंडर?

वेंगुर्ल्यातल्या एका घरी व्हॉल्व्हचे, म्हणजे ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काचेच्या नळ्यांवर चालणारे, बास गिटारचे दोन जुने अ‍ॅम्प आहेत, त्यातला कुठला ठेवायचा आणि कुठला विकायचा ते बघून सांगा, असा फोन आला होता. बघितलं, सांगितलं, हिशेबाने बरोबरच सांगितलं. तरी ते डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहून काढतोय.

माझं दुकान कुडाळला. रोजचं काम म्हणजे भजन मंडळांचे आहुजा, देवळातले माइक, आणि शिमगा-गणपतीच्या आधी डीजेवाल्यांचे जळलेले अ‍ॅम्प. त्या डीजेवाल्यांना सांगून सांगून थकलो की लाल दिवा लागला म्हणजे आवाज कमी करायचा असतो, पण त्यांना वाटतं तो रोषणाईसाठी दिलाय. व्हॉल्व्हचं काम वर्षातून थोडंच येतं. जुने ऑर्केस्ट्रावाले, चर्चवाले, नाहीतर बोटीवर नोकरी केलेल्यांची घरं. हे घर तसलंच. अंकल मर्चंट नेव्हीत होते, सुट्टीवर आले की लग्नाच्या बँडमध्ये बास वाजवायचे. आता ते नाहीत. मुलगा कॅनडाला, त्याला घराचा होमस्टे करायचाय (हल्ली किनाऱ्यावर ज्याला त्याला होमस्टेच करायचाय), आणि हॉल रिकामा हवाय. आंटी म्हणाल्या एक ठेवणार. कुठला, यावर मायलेकात वाद.

ताडपत्री काढली आणि मी दोन मिनिटं बोललोच नाही. एक होता फेंडर बासमन, रुपेरी पट्टीचा, म्हणजे १९६८ च्या आसपासचा किंवा नंतरचा. हेड वेगळं, स्पीकरची पेटी वेगळी. दुसरा अँपेगचा बी-१५, ज्याला पोर्टाफ्लेक्स म्हणतात. निळसर चौकड्यांचं रेक्झीन, खाली १५ इंची एकच स्पीकर, आणि मागे-पुढे क्लिपा. त्या क्लिपा सोडल्या की वरचं झाकण उलटं करता येतं आणि झाकणाच्या पोटाला अख्खा अ‍ॅम्प बसवलेला असतो. वाजवून झालं की परत उलटा करून पेटीत घालायचा. हे डिझाइन १९६० चं. कंपनी काढणारा एव्हरेट हल स्वतः बास वाजवणारा होता, त्याने आधी डबल बासच्या खालच्या खुंटीत माइक बसवायची युक्ती काढली, त्या 'अँप्लिफाइड पेग'वरून कंपनीचं नाव पडलं. अमेरिकेतल्या मोटाउन रेकॉर्ड कंपनीचा बासवाला जेम्स जॅमरसन बी-१५ वापरायचा. असला अ‍ॅम्प मी फोटोतच पाहिलेला, आणि हा वेंगुर्ल्यात, नारळाच्या पोत्यांशेजारी.

वर उजेड पडणारी प्लास्टिकची पट्टी असते, तिच्यावर पहिल्या मालकाचं नाव कोरलेलं. कोणीतरी अमेरिकन. अंकलनी तिकडच्या कुठल्यातरी बंदरात सेकंडहँड घेतला, नाव तसंच राहू दिलं, म्हणून घरात ह्या अ‍ॅम्पला सगळे 'फिरंगी'च म्हणतात.

मुलगा व्हिडिओ कॉलवर, "भाई, जरा ऑन करून दाखवा ना." हे सगळेच म्हणतात. पन्नासेक वर्षं जुना, त्यातली कित्येक वर्षं बंद पडलेला व्हॉल्व्ह अ‍ॅम्प असा बटण दाबून चालू करायचा नसतो हो. आतल्या फिल्टर कपॅसिटरचं रसायन सुकलेलं असतं, त्यावर एकदम चारशे-साडेचारशे व्होल्ट आले की ते शॉर्ट होतात आणि जाताना रेक्टिफायर नाहीतर ट्रान्सफॉर्मरला घेऊन जातात. कपॅसिटर पंचवीस-पन्नास रुपयांपासून मिळेल, त्या मापाचा ट्रान्सफॉर्मर कुठून आणणार? म्हणून आधी उघडायचं, ब्रशने साफ करायचं, मीटरने एकेक बघायचं, मग सिरीजमध्ये शंभरचा बल्ब लावून व्हेरिअ‍ॅकने हळूहळू व्होल्टेज चढवायचं. बल्ब लख्ख पेटला तर आत शॉर्ट, मंद झाला तर पुढे जायचं. ह्यात अर्धा दिवस जातो आणि गिऱ्हाइकाला वाटतं हा नुसता बसलाय.

फेंडर उघडला तर आत झुरळांची अंडी, व्हॉल्व्हच्या सॉकेटना हिरवा गंज, रेक्झीनवर बुरशी, आणि फ्यूजच्या जागी कुठल्यातरी महाभागाने सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून बसवलेली. असली माणसं आमच्या धंद्यात का येतात कळत नाही, रॉकेट बनवायला का जात नाहीत. समुद्र अर्ध्या किलोमीटरवर, खारं वारं कशालाच सोडत नाही.

फिरंगी मात्र आतून स्वच्छ. आश्चर्य वाटलं, मग लक्षात आलं, तो एवढी वर्षं पेटीत उलटा बंद होता. क्लिपा घट्ट, वारा आत गेलाच नाही. पितळेच्या पिनासुद्धा चकचकीत.

पण अमेरिकन. ११७ व्होल्ट, ६० सायकल. म्हणजे इथे स्टेपडाउन लागणार, आणि स्टेपडाउनने व्होल्टेज कमी होतं, सायकल आपली ५० च राहते. ६० साठी गुंडाळलेला ट्रान्सफॉर्मर ५० वर जास्त तापतो. बहुतेक वर्षानुवर्षं चालतोही, पण मेच्या उकाड्यात, पंखा नसलेल्या मंडपात, चार तास? मी तरी छातीठोक सांगणार नाही. फेंडर एक्सपोर्टचा निघाला, मागे व्होल्टेज बदलायची चकती, आपल्या व्होल्टेजवर लावा आणि सरळ आपल्या प्लगात घाला. शिवाय सिक्स-एल-सिक्स नावाच्या व्हॉल्व्हच्या जोडीवर त्याचे ५० वॅट, फिरंगीचे त्याच जोडीवर २५-३०. ड्रमसेट शेजारी असला की हा फरक कळतो. बाकीच्या व्हॉल्व्हचं म्हणाल तर दोन्हीचे आजही नवे बनतात, फक्त फेंडरमधले गिटारवाल्यांमुळे जास्त खपतात आणि लवकर मिळतात.

दुपारी आंटींचा भाचा आला, गोव्यात हॉटेलात बास वाजवतो. तोवर दोन्ही आवाज द्यायला लागले होते. फेंडरवर त्याने वाजवलं तेव्हा खिडकीची तावदानं थरथरली, मस्त, मोकळा, थोडा कोरडा आवाज. मग फिरंगी. खालची ई तार म्हणजे ४१ हर्ट्झ, बहुतेक पेट्यांत ती ऐकू येते कमी आणि समजून घ्यावी लागते जास्त. इथे ती गोल, भरीव, शहाळ्यातल्या मलईसारखी. व्हॉल्यूम अर्ध्यावर नेला तर कडेने किंचित फाटायला लागला, ते फाटणंही गोड. भाचा वाजवायचा थांबेचना. मी सोल्डरिंग आयर्न, सोल्डर सगळं बाजूला ठेवून ऐकत बसलो.

आणि मग मलाच विचारलं, सांगा.

मुलाने मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडून भाव काढला होता. फिरंगीचा आकडा फेंडरच्या कितीतरी वर, कारण ती रुपेरी पट्टी सीबीएसच्या काळातली. १९६५ ला सीबीएस ह्या अमेरिकन रेडिओ-टीव्हीवाल्या कंपनीने फेंडर कंपनी घेतली आणि संग्राहक लोक तेव्हापासून नाक मुरडतायत, आवाजाशी त्याचा संबंध किती हा वेगळा विषय. म्हणजे कागदावर सगळं एकाच बाजूला. फेंडर आपल्या विजेवर चालतो, आवाज मोठा, पार्ट मिळतात, विकून पैसे कमी. फिरंगी विका, फेंडर ठेवा, भाच्याला चर्चच्या फेस्तला वाजवू द्या. हे मी सांगितलं. सांगताना मनात होतं की आंटी आता "नको रे, त्यांची आठवण आहे" म्हणतील आणि फिरंगी वाचेल. आयुष्यभर हेच बघितलंय, लोक बंद पडलेला रेडिओसुद्धा सोडत नाहीत.

आंटी म्हणाल्या, "माका एवढाच सांग झिला, पुढच्या पावसात बिघडलो तर तुका खयचो दुरुस्त करूक गावतलो?"

म्हटलं फेंडर.

"मग त्या फिरंग्याक धाड त्याच्या घराक. मेल्यान तीस वर्सा अर्धी खोली अडवल्यान. दर रविवारी तेका पुसूचो, माका नाय कधी इचारल्यान." आणि चहा ठेवायला आत गेल्या. भाचा हसत होता. मी नाही हसलो. माझा त्या अ‍ॅम्पवर हक्क काय, काहीच नाही, सकाळी पहिल्यांदा बघितला. तरी आतल्या आत चडफडत होतो की बाई एकदा तरी नाही म्हणा.

त्यांचं चुकलं असंही म्हणता येत नाही. तो अ‍ॅम्प इथे कोण सांभाळणार? माझ्याकडे शिकायला येणारी पोरं मॉड्यूल बदलतात, जुना बोर्ड काढ नवा घाल, मीटर लावायचा कंटाळा. त्यांना दोष देऊन उपयोग नाही, त्यात पैसे आहेत आणि शॉक नाही. माझ्यानंतर कुडाळ-सावंतवाडी पट्ट्यात सिक्स-एल-सिक्सचं बायस लावणारा, म्हणजे व्हॉल्व्हला नेमका करंट बांधून देणारा, मला तरी माहीत नाही.

आता खरी कटकट त्या व्यापाऱ्याची. त्याचा फोन, "आतमध्ये काही बदलू नका, ओरिजिनल पाहिजे." दोन पिनांची वायरसुद्धा तशीच हवी. त्या काळच्या अमेरिकन अ‍ॅम्पमध्ये मेन्सच्या एका वायरवरून चेसिसवर एक कपॅसिटर टाकायची सर्रास पद्धत होती, हम (स्पीकरमधली गुणगुण) कमी करायला. तो लीक झाला आणि फेज त्या बाजूला आली की चेसिसवर करंट, चेसिसवरून गिटारच्या तारांवर, आणि तारांवर माणसाचे हात. स्टेपडाउनही आपल्याकडे बहुतेक ऑटो ट्रान्सफॉर्मरच असतात, ते मेन्सपासून वेगळं करत नाहीत. मी तो कपॅसिटर काढला, तीन पिनी वायर घातली, फिल्टर कपॅसिटर नवे टाकले. काढलेलं सगळं पिशवीत घालून, कुठलं कुठे होतं ते चिठ्ठीवर लिहून अ‍ॅम्पबरोबर ठेवलंय. ज्याला मरायची हौस असेल त्याने परत बसवावं.

तो म्हणतो ह्याने किंमत उतरली, घासाघीस चालू आहे, मुलगा मला मेसेज करतोय की तुम्ही आधी विचारायला हवं होतं. मी त्याला कळवलंय की त्याने व्हिडिओवर जो वाजलेला ऐकला तो नव्या कपॅसिटरवरच वाजला, जुन्यावर धूरच ऐकू आला असता. बिल फक्त फेंडरचं लावलंय. फिरंगी अजून वेंगुर्ल्यातच आहे. गाडी पाठवायची कोणी, त्यावर दोघांचं अडलंय, आणि भाचा रोज संध्याकाळी जाऊन तोच वाजवतो, फेंडरला हात लावत नाही, असं आंटींनीच फोनवर वैतागून सांगितलं.