साध्या ५० मिमीच्या लेन्सने देवयानी दीर्घिका

दुर्बीण नाही, ताऱ्यांमागे फिरणारा ट्रॅकर नाही. जुना डीएसएलआर, ५० मिमीची लेन्स आणि ट्रायपॉड. एवढ्यावर २५ लाख प्रकाशवर्षं दूरच्या दीर्घिकेचा फोटो निघतो, आणि चांगला निघतो.

इंदूरला रामबागेतल्या गच्चीवरून मात्र जमणार नाही, उजेड फार. वसुबारसेला चंद्र पहाटे उगवतो, म्हणून संध्याकाळची पूजा आटोपून भाच्याला घेतलं आणि महूच्या पुढे जानापावच्या टेकडीवर गेलो. उत्तरेला पीथमपूर आणि इंदूरचा उजेड दिसतोच, पण देवयानी तोवर त्याच्या खूप वर चढलेली असते. शर्मिष्ठा तारकासमूहातला टोकदार कोन तिच्याकडेच बोट दाखवतो. नुसत्या डोळ्यांनी धुरकट ठिपका दिसला की कॅमेरा तिकडे वळवायचा.

सगळा खेळ फोकसचा. ऑटोफोकस बंद, लेन्सवरच्या अनंताच्या खुणेवर भरवसा नाही. ब्रह्महृदय तारा स्क्रीनवर दहापट मोठा केला आणि रिंग केसभर पुढे, केसभर मागे करत राहिलो. तारा आधी फुगीर, मग त्याला जांभळी कड, मग एका जागी एकदम बारीक टिंब. तिथेच रिंगला चिकटपट्टी लावली.

पृथ्वी फिरते, त्यामुळे शटर जास्त वेळ उघडं ठेवलं की तारे रेघा होतात. मी ३ सेकंद ठेवले, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ३२००, अॅपर्चर (लेन्सचं छिद्र) २.२, कारण लेन्स पूर्ण उघडली की कडेच्या ताऱ्यांना पंख फुटतात. रिमोटने फोटोमागून फोटो काढायचे आणि दीर्घिका सरकली की चौकट पुन्हा जुळवायची. शेवटी लेन्सला झाकण लावून त्याच थंडीत काही काळे फोटो घ्यायचे. सेन्सरचे स्वतःचे डाग त्यांनी वजा होतात.

सुट्या फोटोत जेमतेम डाग दिसतो. भाचा म्हणाला, “मामा, एवढंच?” घरी डीपस्कायस्टॅकर या फुकट सॉफ्टवेअरने सगळे फोटो एकमेकांवर बसवले. दीर्घिकेचा उजेड प्रत्येक फोटोत त्याच जागी असतो, नॉइज, म्हणजे फोटोतले दाणे, दरवेळी वेगळा; १०० फोटोंची सरासरी काढली की नॉइज दहाव्या हिश्श्यावर येतो. मग फिकट भाग उजळवणारा कर्व्ह हळूहळू ओढला आणि गाभ्याभोवती तिरकी लांबट तबकडी पसरत गेली. पूर्ण दीर्घिका आकाशात सहा पौर्णिमेच्या चंद्रांइतकी लांब आहे, हे तेव्हा डोळ्यांना पटलं. १९२३ मध्ये खगोलशास्त्रज्ञ एडविन हबलने याच दीर्घिकेत एक स्पंदणारा तारा शोधला आणि ती आपल्या आकाशगंगेबाहेर आहे हे त्यावरून ठरलं. तिच्या शेजारचा जाडसर तारा म्हणजे एम ३२, तिचीच उपदीर्घिका.

चौकट जरा तिरकी धरली तर मिराक ताऱ्यापलीकडची त्रिकोण तारकासमूहातली एम ३३ दीर्घिकासुद्धा त्याच फोटोत बसते. आमच्या फोटोत ती आली आहे, फिकट पण ओळखू येईल अशी.