गणित शिकवायला आलेय!

आज बॉस्टनमध्ये शिक्षकांची ‘रेसिडेन्सी’ जवळून पाहिली. वर्षभर अनुभवी शिक्षकासोबत खऱ्या वर्गात उभं राहायचं, जोडीला पदव्युत्तर अभ्यास. इथे हे २००३पासून चालू आहे. कृष्णवर्णीय, लॅटिनो तरुणांनी शिक्षक व्हावं हा त्यातला एक हेतू. अमेरिकेत सरकारी शाळांतली निम्म्याहून जास्त मुलं गोरी नाहीत, शिक्षक मात्र जवळपास ८० टक्के गोरे! गोऱ्या आणि कृष्णवर्णीय मुलांच्या वेगळ्या सरकारी शाळा घटनाबाह्य ठरवणाऱ्या, सुप्रीम कोर्टाच्या १९५४च्या ‘ब्राउन’ निकालानंतर दक्षिणेत शाळा एकत्र झाल्या, तेव्हा हजारो कृष्णवर्णीय शिक्षकांना घरी बसवलं गेलं, हे फारसं कुणी सांगत नाही.

एक कृष्णवर्णीय प्रशिक्षणार्थी वैतागून म्हणाली, "कृष्णवर्णीय मुलगा दंगा करायला लागला की सगळे माझ्याकडेच पाठवतात. मी गणित शिकवायला आलेय!" भरती होते हो, टिकवणं अवघड. त्यात विद्यावेतन तुटपुंजं, आणि बॉस्टनचं घरभाडं तर विचारूच नका.