व्हायलवर वेळच नव्हती

दिवाळीच्या आसपास आमच्या बीडकडच्या वस्त्या रिकाम्या व्हायला लागतात, टोळ्या ऊसतोडीला निघतात, त्यामुळे तेव्हाचं लसीकरण सत्र म्हणजे नुसती घाई. शेजारच्या उपकेंद्रातली सिस्टर मदतीला आली होती. पावणेतीनला एक बाई दहा महिन्यांचं लेकरू घेऊन पळत आली, एमआर म्हणजे गोवर-रुबेलाची लस राहिलेली आणि पाचला ट्रॅक्टर निघणार. शेवटच्या व्हायलमध्ये, म्हणजे लसीच्या बाटलीत, दोन डोस शिल्लक होते, पण लेबलवर उघडल्याची वेळच नाही!

एमआर म्हणजे पावडर. डायल्युएंट घालून विरघळवली की चार तासांत वापरायची, नाहीतर फेकायची. हिच्यात प्रिझर्वेटिव्ह नसतं, जंतू शिरला की आत वाढतो आणि लेकराच्या जिवावर बेततं. साउथ सुदानमध्ये २०१७ ला १५ मुलं गेली, एकच सिरिंज सगळ्यांना आणि लस चार दिवस बिनबर्फाची. लसीला उष्णता लागली का ते दाखवणारा ठिपका, व्हीव्हीएम, हिच्या झाकणावर असतो, झाकण काढलं की तोही गेला, मग उरते फक्त पेनाने लिहिलेली वेळ. पेंटाची, म्हणजे पाच रोगांवरच्या एकत्र लसीची, उघडलेली व्हायल नीट ठेवली तर २८ दिवस चालते, तिथे तारीख लिहिली की भागतं, त्याच सवयीने एमआरला हात लावतात आणि घोळ होतो.

सिस्टर म्हणाली अकराला उघडली. आशाताई म्हणाली, पहिलं लेकरू तर दहाच्या आधीच टोचून गेलं. टॅलीशीटवर, म्हणजे डोसांच्या नोंदीच्या कागदावर, वेळ नसतेच. मी व्हायल बाद केली.

"बाई, औषध दिसतंय की बाटलीत, टोचा ना," आई सारखी म्हणत होती. पीएचसीला फोन केला, पण दुसरी व्हायल येईपर्यंत ट्रॅक्टर गेला होता. सिस्टरचं म्हणणं, एवढं कडक कशाला, वरून वेस्टेज, म्हणजे किती डोस वाया गेले, ते विचारतात. विचारू देत. वेस्टेज विचारणाऱ्यांनी एकदा तरी व्हायलवर वेळ लिहिली का हे विचारावं, ते कोणी विचारत नाही.

फेकली ते बरोबरच होतं. पण खरंच अकराला उघडली असेल तर पंधरा मिनिटं हातात होती, वेळ लिहिली असती तर लेकराला डोस मिळाला असता, हे डोक्यातून जात नाही.

यू-विन या लसीकरणाच्या ऑनलाइन नोंदीवर बघते, त्या लेकराची एमआरची एन्ट्री अजून नाही, मुकादमाचा फोन लागत नाही. सांगली-कोल्हापूरकडे कोणी फडावर सत्र घेत असाल तर बीडच्या टोळ्यांमधल्या लेकरांची कार्डं मागून बघा, नऊ महिन्यांपुढचं एमआर राहिलेलं लेकरू दिसलं तर तिथेच टोचा.