नऊ नंबरची जर्सी

घटस्थापनेच्या आधी आमच्या कोल्हापूरच्या घरातल्या गोधड्या आणि चादरी धुऊन उन्हात पडतात, तेव्हा गच्चीवरच्या दोरीवर एक काळी-पांढरी जर्सीही चढते. ती न्यूकासल युनायटेड या इंग्लंडमधल्या फुटबॉल क्लबची आहे. पाठीवर ९ हा आकडा आणि त्याच्या वर फर्डिनंड हे नाव आहे, आणि नावाची अक्षरे कडेने सुटू लागल्यामुळे ती उलटी करूनच वाळत घालावी लागते. जी वस्तू अंगात घालायची नाही आणि जिचे पायपुसणेही करू द्यायचे नाही, ती दर वर्षी उन्हात कशासाठी घालायची, हा आईचा प्रश्न मी गेली काही वर्षे टाळत आलो आहे.

उत्तर त्या नावात आणि आकड्यात आहे. अदिदासने बनवलेली ही जर्सी न्यूकासलने १९९५ ते १९९७ असे दोन हंगाम वापरली. पहिल्या हंगामात ९ नंबर आघाडीचा खेळाडू लेस फर्डिनंडकडे होता. ३० जुलै १९९६ रोजी क्लबने ब्लॅकबर्न या क्लबकडून अ‍ॅलन शिअररला दीड कोटी पौंडांना, म्हणजे तेव्हाच्या जागतिक विक्रमी किमतीला घेतले, आणि ९ नंबर या न्यूकासलच्याच पोराकडे गेला. फर्डिनंडला १० नंबर घ्यावा लागला. कापड तेच, पट्टे तेच, बिल्ला तोच, तरीही ९ नंबरच्या वर फर्डिनंड असेल तर ती जर्सी १९९५-९६ चीच असणार. माझ्यापुरते तिचे मोल एवढ्यावरच ठरते.

तो हंगाम मी पाहिला असे म्हणणे खोटे ठरेल. मी तेव्हा सहावीत होतो आणि इंग्रजी वृत्तपत्राच्या क्रीडापानाच्या तळाशी बारीक अक्षरांत छापलेले निकाल वहीत उतरवून घ्यायचो. कोल्हापुरात फुटबॉलचे वेड नवे नाही. जर्सीच्या रंगावरून माणूस कोणत्या तालमीचा हे इथे ओळखले जाते, त्यामुळे परक्या देशातला एक संघ आपला मानायला मला कारण लागले नाही. त्या वहीत जानेवारी १९९६ च्या पानावर प्रीमियर लीगमध्ये न्यूकासलची आघाडी १२ गुणांची आहे. व्यवस्थापक केव्हिन कीगन यांचा तो संघ बचाव करायचा तो नाइलाज झाल्यासारखा; डावीकडून पॅरिसहून आलेला दाविद जिनोला, मागून बेल्जियमचा फिलिप अल्बेर, मधे पीटर बीअर्डस्ली आणि पुढे त्या वर्षी लीगमध्ये २५ गोल करणारा फर्डिनंड.

मग ४ मार्च आला. दोनच दिवसांपूर्वी दिल्लीत श्रीलंकेने सचिनच्या १३७ धावांवर पाणी फिरवले होते आणि विश्वचषकाखेरीज दुसऱ्या कशाबद्दल बोलण्याची घरात कोणाची तयारी नव्हती. त्या रात्री घरच्या सेंट जेम्स पार्कवर न्यूकासलने मँचेस्टर युनायटेडच्या गोलवर हल्ल्यांमागून हल्ले केले, गोलरक्षक पीटर श्मायकेलने ते सगळे परतवले, आणि उत्तरार्धात एरिक कँटोनाने एक गोल करून सामना नेला. ३ एप्रिलला अ‍ॅनफिल्डवर लिव्हरपूलकडून ४-३ अशी हार झाली, ती शेवटच्या क्षणी स्टॅन कॉलिमोरने केलेल्या गोलने. पुढच्या आठवड्यात ब्लॅकबर्नच्या ग्रॅहम फेंटनने, जो स्वतः टाइन नदीच्या मुलखातला आणि न्यूकासलचा चाहता, अखेरच्या मिनिटांत दोन गोल करून आपल्याच लाडक्या संघाला बुडवले. एखाद्या नाटककाराने हे लिहिले असते तर अतिरंजित म्हणून कापायला लावले असते. शेवटी मँचेस्टर युनायटेड ८२ गुण, न्यूकासल ७८. घरच्या मैदानावरील १९ सामन्यांपैकी १७ जिंकूनही विजेतेपद गेले. उरलेल्या दोनांपैकी एक ४ मार्चची हार आणि दुसरा शेवटच्या दिवसाची टॉटनहॅमशी १-१ बरोबरी.

विजेत्यांच्या त्या वर्षीच्या कपड्यांचीही एक गोष्ट आहे आणि ती मी मुद्दाम सांगतो, कारण ती थोडी सूड उगवल्यासारखी वाटते. युनायटेडकडे परगावच्या सामन्यांसाठी उम्ब्रोची राखाडी जर्सी होती. १३ एप्रिल १९९६ रोजी साउदॅम्प्टनच्या मैदानावर मध्यंतराला ते ०-३ ने मागे होते, आणि अ‍ॅलेक्स फर्ग्युसन या त्यांच्या व्यवस्थापकांनी सगळ्या संघाला ती जर्सी उतरवून निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची घालायला लावली; गर्दीच्या पार्श्वभूमीवर राखाडी रंगात सहकारीच दिसत नाहीत, असे कारण पुढे आले. सामना ३-१ असा गेला. त्या राखाडी जर्सीत युनायटेडने पाच सामने खेळले आणि एकही जिंकला नाही. संग्राहक आज तीही आवडीने शोधतात. मला मात्र तिच्यात विनोदापलीकडे काही दिसत नाही.

माझी जर्सी मला २०१३ मध्ये न्यूकासलला शिकत असताना एका चॅरिटी शॉपमध्ये, म्हणजे धर्मादायासाठी जुन्या वस्तू विकणाऱ्या दुकानात, १५ पौंडांना मिळाली. गल्ल्यावरच्या आजीबाई तिथल्या रिवाजाप्रमाणे येणाऱ्या प्रत्येकाला ‘पेट’, म्हणजे लाडाने ‘बाळा’, म्हणत. त्यांनी पाठीवरचे नाव पाहिले, जर्सी नीट घडी घातली आणि ‘सर लेस’ एवढेच म्हणाल्या. राणीने नव्हे, त्या गावाने दिलेली ती पदवी आहे. जर्सीचा गळा मला तेव्हापासून आवडतो: दुमडलेली कॉलर नाही, आपल्याकडच्या नेहरू शर्टाला असते तशी उभी पट्टी आणि खाली बटणे. एवढा साधा गळा त्या अंगभर पट्ट्यांना शोभतो, आणि जिनोलाने तो असा मिरवला की तो मुळात फुटबॉलसाठी शिवला होता हे विसरायला होते.

छातीवर न्यूकासल ब्राउन एल या बिअरचा निळा तारा आहे आणि ताऱ्यात त्या शहराची छायाकृती. ताऱ्याची पाच टोके म्हणजे कंपनी स्थापन करणारे पाच बिअर-कारखाने. दारूची जाहिरात खेळाडूंच्या छातीवर असावी का, हा वाद रास्त आहे आणि त्यात मी विरोधकांच्या बाजूचा आहे. तरीही हे मान्य करावे लागते की ही जाहिरात शेजाऱ्याची होती: कारखाना स्टेडियमला लागूनच होता. तो २००५ मध्ये बंद झाला, आणि मी तिथे असताना त्या जागेवर विद्यापीठाची नवी इमारत उभी होती. क्लब २०२१ मध्ये सौदी अरेबियाच्या गुंतवणूक निधीच्या नेतृत्वाखालील गटाकडे गेला आणि २०२३ पासून छातीवर सेला या सौदी कंपनीचे नाव आले. २०२४ मध्ये अदिदास परतली, मार्च २०२५ मध्ये लीग कप जिंकून क्लबने १९५५ नंतरचा पहिला देशांतर्गत करंडक मिळवला, आणि त्या रात्री मला आनंद झाला, पण कपाट उघडावेसे वाटले नाही.

याच कापडाने सूडही पाहिला आहे. २० ऑक्टोबर १९९६ रोजी सेंट जेम्स पार्कवर न्यूकासलने युनायटेडला ५-० असे धुतले आणि अल्बेरने श्मायकेलच्या डोक्यावरून अलगद उचलून टाकलेला पाचवा गोल आजही लोक पुन्हा पुन्हा पाहतात. फर्डिनंडनेही त्यात एक गोल केला. पण तेव्हा त्याच्या पाठीवर १० होता आणि ९ शिअररच्या. शिअररची जर्सी बाजारात सहज मिळते, तीही घ्यावी असे एक-दोनदा मनात आले आणि घेतली नाही.

यंदा उन्हातून काढताना नावातला शेवटचा ‘डी’ सुटून हातात आला. कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला म्हणाला, ‘एक हात फिरवतो, चिकटून जाईल.’ त्या कापडाला किती ताव सोसेल याची खात्री नसल्याने मी नको म्हणालो. ‘डी’ आता निकालांच्या वहीत आहे, मार्चच्या पानाशी.