अर्ध्या सेकंदाची रंगपंचमी

आमच्या पुण्यातल्या ऑफिसात दोन पक्ष आहेत. एक विंडोजवाल्या काकांचा. ते सगळ्यांचे डेस्कटॉप बघतात आणि लिनक्सला, म्हणजे विंडोजऐवजी फुकट वापरता येणाऱ्या प्रणालीला, 'फुकटचा माल' म्हणतात. दुसरा आमच्या एका पोराचा. त्याच्या लॅपटॉपवर लिनक्सच्या पेंग्विनचे इतके स्टिकर आहेत की झाकणाचा मूळ रंग त्यालाही आठवत नसावा. मी सर्व्हर सांभाळतो, म्हणजे पगार लिनक्सचा आणि डबा काकांबरोबर, त्यामुळे दोन्हीकडचे मला फितूर समजतात.

२९ मार्च २०२४, गुड फ्रायडेची सुट्टी. रात्री जेवणं उरकत होती तेवढ्यात पोराचा फोन. "दादा, एक्सझेडमध्ये मागचं दार सापडलंय. एसएसएचपर्यंत पोचतंय." मला वाटलं एप्रिल फूलची रंगीत तालीम चाललीय. पण थोड्या वेळात रेड हॅट या लिनक्सवाल्या कंपनीचाही इशारा आला, धोक्याची पातळी दहापैकी दहा. मग झोपेचा विषयच संपला.

एक्सझेड म्हणजे फायली दाबून लहान करणारं साधं साधन. एसएसएच म्हणजे आम्ही दुरून सर्व्हरमध्ये शिरतो तो दरवाजा. खरं तर दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. पण डेबियन, फेडोरासारख्या लिनक्सच्या प्रकारांनी एसएसएचला सिस्टिमडीची, म्हणजे मशीनवरच्या सेवा सुरू करून सांभाळणाऱ्या यंत्रणेची, जोड दिलेली, आणि सिस्टिमडीच्या मागून एक्सझेड आत. लग्नात ओळखीच्याच्या ओळखीनं येऊन पंगतीत बसणारा एखादा असतो ना, तसं. एक्सझेडच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत कुणीतरी असा कोड लपवला होता की ज्याच्याकडे ठरावीक किल्ली आहे त्याला कुलूप न फोडता थेट आत हुकूम सोडता यावा.

दुसऱ्या दिवशी शनिवार, रंगपंचमी. सोसायटीत पोरं पिचकाऱ्या घेऊन टपलेली, तरी कसाबसा कोरडा ऑफिसला पोचलो. पोरगा नखशिखान्त गुलाबी होऊन आला. काकांना कुणी बोलावलं नव्हतं. ते मजा बघायला आले होते.

आधी यादी काढली. काका म्हणाले, "एक्सझेडलाच आवृत्ती विचारा की." पोरगा ओरडला, "ज्याच्यावर संशय त्यालाच चालवायचं?" म्हणून पॅकेजांच्या नोंदीतून तपासलं. डेबियन १२ वर ५.४, उबंटू २२.०४ वर ५.२. जुन्या सेंटओएसवर तर त्याहून जुनं. नवी आवृत्ती पोचली होती ती डेबियनच्या चाचणी शाखेत, फेडोराच्या येऊ घातलेल्या आवृत्तीत, अशा पुढच्या रांगेतल्या मंडळींकडे. आमच्या साहेबांना अपडेटचं नाव काढलं की घाम फुटतो. त्यांना फोनवर कळवलं तर म्हणाले, "मी सांगत नव्हतो? घाई नको म्हणून?" आता पुढची दोन वर्षं प्रत्येक अपडेटच्या वेळी हे ऐकावं लागणार, हे मला तिथल्या तिथं कळलं.

सापडलं ते एकच मशीन. सुरक्षा चाचणीच्या खोलीतलं काली लिनक्स. ते बुधवारीच अद्ययावत केलेलं, आणि कालीवर २६ ते २९ मार्चच्या दरम्यान ज्यांनी अपडेट घेतलं ते सगळे संशयित. घरफोडी कशी होते ते शिकायचं मशीन नेमकं तेच! पुसून पुन्हा उभं केलं, किल्ल्या बदलल्या. काम तेवढंच.

मग टपरीवर खरा सामना सुरू झाला.

हे शोधलं आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या माणसानं. पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करणारा. काही मोजमापं करताना त्याला दिसलं की एसएसएच उगाच प्रोसेसर खातंय आणि लॉगिनला साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय. तेवढ्यावरून तो खणत खणत मुळापर्यंत गेला. मी म्हटलं, "आपल्याकडे ही तक्रार तिकीट म्हणून आली असती तर 'नेटवर्क स्लो' लिहून बंद झाली असती." यावर मात्र दोन्ही पक्षांचं एकमत झालं.

"पण तो नोकरीला कुठं आहे?" काकांनी कटिंगचा घोट घेत विचारलं. पोरगा गप्प. "मायक्रोसॉफ्टमध्ये! तुमचं लिनक्स आमच्या माणसानं वाचवलं."

"कोड उघडा होता म्हणून वाचवता आलं."

"उघडा होता तर पाच आठवडे दिसला कसा नाही?"

इथं पोरगा बरोबर बोलला, आणि काकाही. कारण मूळ कोडसाठ्यात सगळं उघड नव्हतंच. विष चाचणीच्या फायलींत दाबून ठेवलेलं, आणि ते बाहेर काढणारी ओळ फक्त लोकांनी उतरवून घ्यायच्या तयार गठ्ठ्यात घातलेली. साठा वाचणाऱ्याला ती दिसणारच नाही.

घालणारा 'जिया टॅन'. या नावामागे कोण आहे, हे उघड झालेलं नाही. काका म्हणाले, नक्की चिनी. तेव्हा पोरानं फोनवर २०२२ च्या जूनमधल्या जुन्या मेल उघडल्या. एक्सझेड वर्षानुवर्षं सांभाळणारा लासे कॉलिन हा फिनलंडचा माणूस, बिनपगारी. कुणी 'जिगर कुमार' त्याच्या मागे लागलेला: कामं रखडलीत, नवा माणूस आल्याशिवाय पुढे काही होणार नाही. "टॅन चिनी, तर हा सुरतचा असणार," मी म्हटलं. हसलो सगळे. हीही नावं बनावटच असावीत असं जाणकार म्हणतात.

पण कॉलिननं दिलेलं उत्तर वाचलं आणि काकांनी ग्लास खाली ठेवला. तब्येत बरी नसते, आणि हे पैसे न घेता हौसेनं केलेलं काम आहे हे लक्षात असू द्या, असं त्यानं लिहिलं होतं. त्या रेट्यानंतरच जिया टॅनचा हात त्या प्रकल्पावर बसत गेला. "फुकटचा माल म्हणतो मी," काका म्हणाले, "पण मेलं आपलं बॅकअपसुद्धा याच्यावरच चालतं ना रे?" पोरगा म्हणाला, "काका, डेबियनची पॅकेजंसुद्धा."

सोमवारी एका ग्राहकाचा मेल आला: आमच्या सर्व्हरवरून एक्सझेड पूर्ण काढून टाकावं आणि तसं लेखी कळवावं. फोन करून समजावलं की ते काढलं तर पुढचं अपडेटही बसणार नाही. त्यांनी तारीख बघितली, एक एप्रिल, आणि मी चेष्टा करतोय असं समजून फोन थेट साहेबांना लावला.