पाण्याचा ताळेबंद आणि १ मेची ग्रामसभा

१ मेला आमच्या गावची ग्रामसभा झाली, रजिस्टर फिरलं, सह्या झाल्या आणि दहा मिनिटांत सगळे घरी. बाहेर टँकरसाठी ड्रमची रांग लागलेली आणि आत पाण्यावर एक शब्द कोणी काढला नाही. लई वाईट वाटलं. तेव्हापासून हिवरेबाजार डोक्यातून जात नाहीये.

नगर तालुक्यातलं गाव, पाऊस वर्षाला जेमतेम ३००-४०० मिमी, १९७२ च्या दुष्काळानंतर पार मोडलेलं, लोक कामाला बाहेर जायचे, दारू, भांडणं सगळं होतं. १९८९ ला पोपटराव पवार तिथे बिनविरोध सरपंच झाले, एम.कॉम. शिकलेले, तरुण. पुढे श्रमदानातून चर, बंधारे, झाडं आणि २०२० ला पद्मश्री, हे सगळे सांगतातच, पण मला सगळ्यात मोठं वाटतं ते त्यांचं पाण्याचं बोलणं.

पावसाळा संपला की तिथे पाण्याचा ताळेबंद मांडतात. पाऊस किती पडला, विहिरीत पाणी किती, त्यातून आधी माणसांचं आणि जनावरांचं पिण्याचं बाजूला काढायचं आणि उरलेल्यात रब्बीला काय घ्यायचं ते ग्रामसभेत सगळ्यांसमोर ठरतं. पाऊस कमी, तर जास्त पाण्याची पिकं कमी, असा रोखठोक हिशोब, म्हातारीलाही कळेल असा. शेतीला बोअर नाही, ऊस नाही, केळी नाही. आता नगर जिल्हा म्हणजे साखर कारखान्यांचा जिल्हा, उसाच्या बिलावर घरातली लग्नं उरकतात, तिथे उसाला नाही म्हणायचं आणि तेही ज्यांच्याकडं मतं मागायची त्यांच्या तोंडावर, याला छाती लागते राव!

आमच्या तात्यांनी दोन वर्षांपूर्वी ऊस लावला, पाणी हटलं म्हणून बोअर घेतला, ४५० फुटांवर गेला तरी नुसता पांढरा फुफाटा, गाडीवाला पैसे घेऊन गेला आणि तात्या त्या फुफाट्यात बराच वेळ उभे होते. मला म्हणाले, "कोणी आधी सांगितलं असतं तर हरभरा केला असता रे." गावात पाणी किती उरलंय हे सांगणारं कोणी नव्हतंच, ज्यांनी सांगायचं ते जलक्रांतीचं भाषण करून गेले.

१५ ऑगस्टच्या ग्रामसभेत मी ताळेबंदाचा विषय मांडणार आहे. तोपर्यंत दोरीला दगड बांधून गावातल्या विहिरी मोजतोय, वहीत लिहितोय. सात झाल्या, तात्यांची धरून.