वहीत नसलेला तांदूळ

बेळगावहून बेंगळूरला जाणाऱ्या लाल बसमध्ये कंडक्टर माझ्या हातात तिकीट ठेवतो आणि त्यावर रक्कम असते शून्य. ११ जून २०२३ पासून कर्नाटकातल्या बायकांना राज्याच्या साध्या बसमधून फुकट जाता येतं. त्याआधी मी राणी चन्नम्मा एक्स्प्रेसच्या स्लीपरमध्ये आडवी होऊन जायचे. आता रात्रभर ताठ बसून जाते. धारवाड, हुबळी, हावेरी, दावणगेरे, चित्रदुर्ग, तुमकूर, असं सुमारे पाचशे किलोमीटरचं अंतर माझी मान मोजत असते. पायाशी खताच्या धुतलेल्या पोत्याची शिवलेली पिशवी आणि तिच्यात दहा किलो तांदूळ. सकाळी खोलीवर पोचले की आधी खर्चाची वही काढायची. प्रवास, शून्य. बाम, चाळीस.

(कोल्हापूरच्या मावशीकडं जायचं असलं की हे गणित निपाणीपर्यंतच चालतं. पुढं महाराष्ट्राची एसटी, तिच्यात बायकांना निम्मं तिकीट. अलीकडं फुकट, पलीकडं अर्धं. सीमाप्रश्नाचा एवढा तरी फायदा आमच्या पिढीनं करून घेतला.)

आमचं गाव येळ्ळूर. बेळगावच्या दक्षिणेला, राजहंसगडाच्या पायथ्याशी. गावचा बासमती पंचक्रोशीत नावाजलेला, आणि भात निघाल्यावर त्याच रानातल्या ओलीवर येणारा मसूरही. मी बेंगळूरला रसायनशास्त्रात पीएचडी करते. गावात हे समजावून सांगायला फार वेळ लागला. शेजारच्या काकूंना एवढंच कळलं की या पोरीला शिकायचे पैसे मिळतात. "शिकायचं ते शिकायचं आणि वर पगार?" त्या म्हणाल्या. त्यांच्या लेखी मी तेव्हाच श्रीमंत झाले.

आकडा ऐकायला बरा आहे. २०२३ पासून कनिष्ठ संशोधकाला महिन्याला ३७ हजार रुपये. पण 'महिन्याला' हा शब्द फक्त कागदावर. प्रत्यक्षात पाच-सहा महिने काहीच येत नाही, मग एखाद्या दुपारी सगळं एकदम येतं. कधी एक सही राहिलेली असते, कधी एक दाखला. मधल्या काळात घरमालकाला मात्र महिन्याचा अर्थ महिना असाच लागतो. खोली घेताना त्यांनी दहा महिन्यांचं भाडं अनामत म्हणून मागितलं होतं. इकडची ती जुनी रीतच आहे. मी फोनवर रक्कम सांगितली तेव्हा बाबा जरा वेळ गप्प झाले आणि म्हणाले, "एवढ्यात दोन म्हशी येतील की गं दावणीला." शेवटी पाच महिन्यांवर तोडलं. विजापूरची एक मुलगी खोलीत भागीदार मिळाली. तिच्याकडं घरच्या ज्वारीच्या कडक रोट्ट्यांची चळत आणि शेंगाचटणी कायम असते. तिच्या रोट्ट्या महिनाभर टिकतात, माझा तांदूळ तीन महिने. दोघींचा मिळून एक छोटा कुकर. आमची आघाडी घट्ट आहे.

पहिल्या वर्षी काटकसर ही माझी गरज होती. दुसऱ्या वर्षी तो छंद झाला आणि तिसऱ्या वर्षी माज. श्रीमंतीचा माज लोक ओळखतात तरी. काटकसरीचा माज विनयाचे कपडे घालून फिरतो. प्रयोगशाळेत आमच्यात चढाओढ लागायची. एक जण सांगायचा, मी इंदिरा कँटीनला नाश्ता केला, पाच रुपये. दुसरा म्हणायचा, दुपारचं जेवणही तिथंच, दहा रुपये. २०१७ च्या १६ ऑगस्टला सुरू झालेल्या त्या स्वस्त सरकारी कँटीनच्या रांगेत मीही उभी राहिले आहे. पुढं-मागं बांधकामावरची माणसं. त्यांचं बोलणं कानावर पडलं तर रायचूर-कलबुर्गीकडचं कन्नड, माझ्यासारखंच वाक्यामागं 'री' लावणारं. बेंगळूरचे दुकानदार माझं कन्नड ऐकून हटकून विचारतात, हुबळीकडच्या का? मी हो म्हणते. बेळगावची, त्यातून घरी मराठी, हे सगळं सांगत बसायला वेळ कुणाला आहे. तर त्या रांगेत एकदा माझ्यापुढच्या माणसानं माझ्या पाठीवरच्या लॅपटॉपच्या बॅगकडं पाहिलं, थोडा बाजूला सरकला आणि मला पुढं जा म्हणाला. त्याला वाटलं असावं, बाईंना घाई असेल. मी इडली घेतली, खाल्ली, चवही चांगली होती. पण त्या दिवशी वहीत 'नाश्ता, पाच' लिहिताना नेहमीसारखं छाती फुगवून लिहिता आलं नाही.

त्यापेक्षा दर्शिनी बरी. दर्शिनी म्हणजे उभ्यानं खायचं हॉटेल. काउंटरवर पैसे द्यायचे, चिठ्ठी घ्यायची, खिडकीशी जाऊन प्लेट उचलायची, गोल उंच टेबलाशी उभं राहून खायचं आणि चालू पडायचं. खुर्ची नाही म्हणून बस म्हणायचा प्रश्न नाही, आणि ऊठ म्हणायचाही. सांबार पुन्हा मागितलं तर पुन्हा मिळतं. आणि तिथली खरी संस्कृती म्हणजे 'बाय टू'. एक कॉफी, दोन कपांत. बेंगळूरमध्ये बाय टू मागताना कुणी मान खाली घालत नाही. मोठ्या गाडीतून उतरलेले काकाही मागतात, बागेतून फिरून आलेले आजोबाही. एवढ्या महागड्या शहरानं ही एक गोष्ट मात्र खास आमच्यासाठी सांभाळून ठेवली आहे. मी आणि माझी विजापूरकर भागीदार, गेल्या दोन वर्षांत आम्ही आख्खी कॉफी प्यायल्याचं मला आठवत नाही.

फसलेली काटकसरही वहीत आहे. तिकीट शून्य व्हायच्या आधी एकदा बसचे पंधरा रुपये वाचवायला चार किलोमीटर चालले आणि वाटेत उन्हानं जीव कासावीस झाला म्हणून चाळीस रुपयांचं शहाळं प्यायले. स्वस्तात मिळतात म्हणून चपला घेतल्या, त्या पहिल्या पावसातच तोंड उघडून हसायला लागल्या. हे सगळं मी प्रामाणिकपणे लिहिते. वहीचा मला अभिमानच होता.

तांदूळ शिजत असला की मजल्यावरची दारं उघडतात. समोरच्या खोलीतली मुलगी एकदा विचारत आली, पॉपकॉर्न करताय का? तिचं नाक खरं बोलत होतं. बासमतीला वास येतो तो मुख्यतः २-असेटिल-१-पायरोलिन नावाच्या संयुगामुळं, आणि ताज्या पॉपकॉर्नमध्येही तेच असतं. इतकं कमी असूनही नाकाला लगेच सापडतं. मात्र ते उडून जाणारं आहे. तांदूळ जुना होत जातो तसा वास विरतो, म्हणून मी डब्याचं झाकण दाबून लावते. आईला हे सगळं एकदा समजावून सांगितलं. ती म्हणाली, "वास जातोय ते मला ठावं आहे. म्हणूनच तर तुला सालाचा नवा तांदूळ देतो."

आमच्याकडं बायकाही 'देतो', 'आलो', 'जेवलो' असंच बोलतात. पुण्याकडचा माणूस आईशी पहिल्यांदा बोलला की दचकतो. आईला त्याच्या दचकण्याचं काही नसतं.

गेल्या मे महिन्यात घरी गेले तेव्हा वही बॅगेतून बाहेर पडली आणि आईच्या हाती लागली. ती सातवी शिकलेली आहे, पण हिशेबात तिच्यासमोर बाबाही उभे राहत नाहीत. दुधाचा, मजुरीचा, भिशीचा, सगळा हिशेब तिच्याकडं. तिनं चष्मा लावला आणि कट्ट्यावर बसून पानं उलटायला लागली. मी कौतुकाची वाट बघत होते. महिन्याचा किराणा किती कमी आणला आहे मी!

बराच वेळानं ती म्हणाली, "यात तांदूळ कुठं आहे?"

"तांदूळ घरचा आहे की."

"घरचा म्हणजे कुणाचा?"

मी काही बोलायच्या आत ती आत गेली. आमच्या घरी जुनी कॅलेंडरं टाकत नाहीत, फळ्यांवर अंथरतात. तिनं फळीवरचे दोन डबे बाजूला केले, मसुराचा डबा उचलला आणि खालचा कागद ओढून आणला. मग आणखी एक. दुधाच्या रतिबाच्या खुणांच्या मधेमधे, तारखांच्या चौकोनांत तिच्या बारीक अक्षरात माझं नाव होतं. माझ्या नावापुढं किलो. अडीच वर्षांत तांदूळ १०४, मसूर १९.

"मी लिहून ठेवलोय की सगळं," ती म्हणाली. "चटणी आणि लोणचं धरलो नाही."

मला वाटलं, गंमत करते आहे. ती गंमत करत नव्हती. भावावरून घरात दोन तट पडले. बाबांचं म्हणणं, सुगीला व्यापारी देतो तो भाव लावावा. आई म्हणाली, व्यापारी गाडी घेऊन दारात येतो, रोख मोजतो. ही अडीच वर्षं उधारीवर खाते आहे. "तुझ्या बेंगळूरात असला तांदूळ दुकानात काय भावानं मिळतो, तो भाव सांग." मी शास्त्रीय मुद्दा काढला. दुकानाच्या भावात वाहतूक असते, आणि इथं वाहतूक माझी आहे, दहा किलो मी स्वतः पायाशी घेऊन नेते.

"तुझं तिकीट शून्य होतं की," आई म्हणाली.

पीएचडीच्या तोंडी परीक्षेला मला इतकं कुणी कोंडीत पकडणार नाही. शेवटी तांदूळ ऐंशी आणि मसूर शंभर रुपये किलो ठरला. एकूण १० हजार २२०. तिनं कागदाकडं बघत वरचे वीस सोडले.

रात्री मी वहीत मागच्या पानापासून सगळे महिने पुन्हा मांडले. माझा किराणा इतरांइतकाच निघाला. प्रयोगशाळेत मी ज्या मुलाला उधळ्या म्हणत होते, त्याच्यापेक्षा वीसेक रुपयांनी जास्तच. त्याच्या घरी शेती नाही. तो दर महिन्याला दुकानातून तांदूळ आणतो आणि वहीही ठेवत नाही.

ऑगस्टमध्ये फेलोशिपचे अडकलेले पैसे आले. मी घरी फोन केला आणि म्हटलं, खात्यावर घालते. मनात खात्री होती की आई म्हणणार, राहू दे गं, तुझं शिकणं होऊ दे. तिनं खातं बाबांचं की आपलं एवढंच सांगितलं. आपलंच. दुसऱ्या दिवशी फोन आला, "आले पैसे. बरोबर आहेत."

दसऱ्यानंतर ती पहिल्यांदाच बेंगळूरला आली. वंदे भारतचं तिकीट काढते म्हटलं तर नको म्हणाली. लाल बसनं आली, शून्याचं तिकीट पदराला बांधून, आणि पंधरा किलो तांदूळ घेऊन. उतरल्या उतरल्या म्हणाली, लिहून ठेवलोय. सकाळचे सहा वाजले होते. थंडी होती. मी तिला घेऊन कोपऱ्यावरच्या दर्शिनीत गेले आणि सवयीनं काउंटरवर म्हणाले, बाय टू कॉफी.

"म्हणजे काय?" आईनं विचारलं.

मी सांगितलं. एक कॉफी, दोघींत अर्धी अर्धी.

तिनं कमरेची पिशवी काढली, त्यातून शंभराची नोट काउंटरवर ठेवली आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "मला आख्खी सांग. तुला पाहिजे तर तू घे अर्धी."